झुंजीत मेलेल्या वाघाचा रकाना

२०१२ ते २०१९ या आठ वर्षांत भारतात ७५० वाघ दगावल्याची नोंद आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने माहिती अधिकाराखाली त्यांची विभागणी दिली ती अशी : नैसर्गिक मृत्यू ३६९, शिकार १६८, कातडी वा अवयव जप्त झाल्याने उघडकीला आलेले मृत्यू १०१, चौकशी सुरू असलेले ७० आणि अपघातासारख्या अनैसर्गिक कारणांनी झालेले ४२. मध्य प्रदेशात १७३ वाघ गेले, महाराष्ट्रात १२५.

यातले किती दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत मेले, हे या विभागणीवरून कळत नाही. ते सगळे ‘नैसर्गिक’ या ३६९च्या पोटात आहेत. ताडोबाचा प्रसिद्ध नर ‘वाघडोह’ मे २०२२ मध्ये चंद्रपूरजवळच्या सिनाळा परिसरात वृद्धापकाळाने मेला. वय सुमारे सतरा वर्षे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, चिमूर तालुक्यात वाहानगावच्या शिवारात ‘बजरंग’ हा धिप्पाड नर ‘छोटा मटका’शी झुंजताना मारला गेला. कागदावर दोघांचीही जागा एकाच रकान्यात. एकाचे आयुष्य पुरे झाले होते आणि दुसऱ्याचे भर उमेदीत तुटले, हा फरक त्या रकान्यात पुसला जातो. माझ्या मते वाघांच्या आकडेवारीतली ही सर्वांत महागात पडणारी पोकळी आहे.

झुंज ही वाघाची रोजची सवय नव्हे. झाडावर नखांचे ओरखडे, झुडपांवर लघवीचे फवारे, रात्रीची डरकाळी, यातून ‘ही हद्द माझी’ एवढे सांगून बहुतेक प्रसंग टळतात. कारण जिंकणाऱ्यालाही झुंज परवडत नाही. सुळा तुटला, पुढचा पंजा जायबंदी झाला किंवा जखम चिघळली, तर शिकार थांबते आणि मग उपासमार. तरीही नर एकमेकांच्या जिवावर उठतात, याचे कारण नेपाळमधल्या चितवनच्या जंगलात मिळते. तिथे वर्षानुवर्षे एकेका वाघावर नजर ठेवून जेम्स स्मिथ आणि चार्ल्स मॅकडूगल यांनी १९९१ मध्ये जे आकडे मांडले, ते आजही या विषयाचा पाया मानावेत असे आहेत.

चितवनमधल्या मादीचा प्रजननाचा काळ सरासरी ६.१ वर्षे होता, नराचा फक्त २.८ वर्षे. कुणी सात महिन्यांतच हद्द गमावली, कुणी सहा वर्षे टिकला. आता हिशेब करू. वाघिणीचा गर्भकाळ साधारण साडेतीन महिन्यांचा. बछडे दीड ते दोन वर्षे आईबरोबर राहतात. म्हणजे बहुसंख्य नरांच्या हाती आपली पिल्ले वाढून स्वतंत्र होताना पाहण्यासाठी जेमतेम एका वेताएवढा वेळ असतो. ही मुदत संपण्याआधी दुसरा नर आला आणि जिंकला, तर तो बहुधा आधीच्या नराचे बछडे मारतो. पिल्ले गेली की वाघीण लवकर माजावर येते आणि नव्या नराची घडी सुरू होते.

म्हणून झुंजीत एक नर मेला, एवढ्यावर हिशेब थांबत नाही. चितवनमध्ये ३४ टक्के बछडे पहिल्या वर्षातच मरत, आणि त्यांतले ७३ टक्के मृत्यू अख्खे वेतच्या वेत गेल्याचे होते. वणवा आणि पूर ही कारणे होतीच, पण नव्या नराने केलेली पिल्लांची हत्या हे त्यातले मोठे कारण. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या सिंहांमध्येही पहिल्या वर्षातल्या छाव्यांच्या मृत्यूंपैकी सुमारे चतुर्थांश मृत्यू असेच होतात. दोन-तीन महिन्यांचे बछडे जंगलात मेले तर बहुतेक वेळा हाडही हाती लागत नाही, पंचनामा तर दूरच. त्यांची गणती ७५० मध्ये नाही आणि ३६९ मध्येही नाही.

हद्द सांभाळणारा बाप असणे म्हणजे काय, हे रणथंबोरमध्ये २०११ मध्ये दिसले. वाघीण मेल्यावर आईविना राहिलेल्या दोन मादी बछड्यांना ‘टी-२५’ या नराने आपल्या हद्दीत सांभाळले. दोघी जगल्या, मोठ्या झाल्या आणि पुढे सरिस्काला पाठवल्या गेल्या. नर स्थिर असेल तर पिल्ले टिकतात. सारखे नर बदलणाऱ्या जंगलात वाघिणी वेतावर वेत गमावतात आणि वरवर पाहता गणनेत सारे आलबेल असते.

मग जागा किती लागते? मादीची हद्द चितवनमध्ये साधारण २० चौरस किलोमीटर. रशियाच्या अतिपूर्वेकडे, सिखोते-अलीनच्या बर्फाळ जंगलात, मादीला सुमारे ३९० आणि नराला सुमारे १,३८५ चौरस किलोमीटर लागतात. जात तीच, फरक भक्ष्याचा आहे. वाघ वर्षाला साधारण ५० मोठी जनावरे मारतो, आणि उल्हास कारंथ यांच्या मांडणीप्रमाणे एवढी शिकार निभावून नेण्यासाठी त्याच्या मागे सुमारे ५०० हरणे, सांबर, गवे, रानडुकरे असावी लागतात. जिथे चितळ भरपूर तिथे हद्दी लहान आणि शेजारी जवळ.

महाराष्ट्राचे चित्र या हिशेबात बसवून पाहा. २००६ मध्ये राज्यात १०३ वाघ होते, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. सोळा वर्षांत चौपटीहून जास्त. हे वनरक्षकांच्या पायपिटीचे आणि जंगलालगतच्या गावांनी सोसलेल्या त्रासाचे फळ आहे. पण वाढ सगळीकडे सारखी नाही. २०२२ च्या गणनेनुसार ताडोबा-अंधारीत, गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२८ चौरस किलोमीटरमध्ये, ९७ वाघ होते. वाघामागे जवळपास १८ चौरस किलोमीटर. त्याच राज्यात नवेगाव-नागझिऱ्याच्या सुमारे १,८९५ चौरस किलोमीटरमध्ये अवघे ११. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापुढे तर त्या वर्षी शून्य लागला. नराच्या हद्दीत दोन-तीन माद्यांच्या हद्दी येतात, त्यामुळे नुसत्या भागाकारातून दाटी पुरती कळत नाही, पण कल कुठे आहे ते स्पष्ट दिसते.

दाटी झाली की पुढे काय, यालाही चितवनचा एक आकडा आहे. तिथली वाघीण आयुष्यात सरासरी ४.५४ पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत वाढवत होती. त्यांतली स्वतःची हद्द मिळवून प्रजननाला लागणारी सरासरी दोनच. उरलेली अडीच कुठे जातात, हाच खरा प्रश्न आहे. चितवनचे तरुण नर घरापासून सरासरी ३३ किलोमीटर दूर जात, माद्या दहाच्या आत राहत. ताडोबातून कोणत्याही दिशेने ३३ किलोमीटर निघालेल्या नराला भातशेती, कोळशाच्या खाणी, रुंद रस्ते आणि कालवे ओलांडावे लागतात. हरलेल्याला मागे सरकायला जागा असेल तर झुंज जखमांवर मिटते. जागा नसेल तर तो परत त्याच हद्दीवर येतो आणि प्रकरण जिवावर जाते. बजरंगचा शेवट गाभ्यात नव्हे, शेताजवळ झाला, ही गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

वाट मोकळी मिळाली तर वाघ किती चालतो, हे टिपेश्वरच्या तरुण नराने दाखवले. ‘टी१-सी१’ जून २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातून निघाला, तेलंगणात डोकावून मराठवाड्यातून फिरत वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या कॉलरने ३,००० किलोमीटरहून जास्त चाल नोंदवली. ज्ञानगंगेत शेजारी वाघ नव्हता, पण वाघीणही नव्हती. पेंचजवळून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गाखाली प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले, तिथे २०१९ मध्ये दहा महिन्यांत ११ वाघांनी ८९ वेळा ये-जा केल्याचे कॅमेऱ्यांत दिसले. वाट ठेवली तर वाघ ती वापरतात, याला आणखी पुरावा नको.

दुसरा उपाय वाघ उचलून नेण्याचा. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातल्या दोन तरुण वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, हे योग्यच झाले. रिकाम्या जंगलाला आधी माद्या हव्यात. मात्र हा उपाय मोजक्याच वाघांपुरता पुरतो. ताडोबातून ओडिशातल्या सिमलीपालला नेलेली ‘झीनत’ तिथून निघाली, झारखंड ओलांडून बंगालात गेली आणि डिसेंबर २०२४ अखेर बांकुऱ्यात बेशुद्ध करून तिला पकडावे लागले.

देशात २०१९ मध्ये ९६ वाघ मेले, २०२० मध्ये १०६, २०२१ मध्ये १२७, २०२२ मध्ये १२१ आणि २०२३ मध्ये १७८. वाघ वाढले की मृत्यू वाढणारच, हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. वाढलेल्यांपैकी किती म्हातारपणाने गेले आणि किती हद्द न मिळाल्याने, हे कळल्याशिवाय कोणती वाट आधी मोकळी करायची ते ठरणार नाही. माहिती गोळा होतच असते. प्रत्येक वाघाचे शवविच्छेदन होते, मानेवरच्या आणि कवटीवरच्या सुळ्यांच्या खुणा लिहिल्या जातात, नखे-दात शाबूत आहेत का ते तपासून शिकारीचा संशय दूर केला जातो. प्राधिकरणाने ‘नैसर्गिक’ हा रकाना फोडून ‘आपसातील झुंज’ वेगळी दाखवावी. वय, लिंग आणि जागा गाभ्यातली, बफरमधली की बाहेरची, हे त्यासोबत दरवर्षी जाहीर करावे. याला नवा निधी लागत नाही, नवा कायदाही नाही. महाराष्ट्राच्या वनविभागाने केंद्राची वाट न पाहता चंद्रपूर जिल्ह्यापासून ही सुरुवात करावी.