नवखा ‘आपला’ कधी होतो?

वर्ष अर्धे सरल्यावर वर्गात एखादा नवा विद्यार्थी येतो. पहिले काही दिवस तो नुसते पाहत असतो. कोणत्या गोष्टीला हसायचे, शंका कोणाला विचारायची, काय बोलले तर खिल्ली उडेल, हे त्याला ठाऊक नसते. महिन्याभरात तो वर्गात मिसळून जातो, नाहीतर वर्षभर कोपऱ्यातच राहतो. हा फरक कशामुळे पडतो? केवळ त्याच्या स्वभावामुळे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी खगोलशास्त्रातील एक घटना पाहू. जुलै २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ नावाचा उपक्रम इंटरनेटवर सुरू झाला. स्लोन आकाश सर्वेक्षणाने टिपलेल्या सुमारे ९ लाख दीर्घिकांची वर्गवारी करायची होती. एवढे काम मूठभर संशोधकांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून ते सर्वांसाठी खुले केले गेले. चित्र पाहायचे आणि दीर्घिका सर्पिल आहे की लंबवर्तुळाकार, एवढेच सांगायचे. एकच दीर्घिका अनेकांना दाखवली जाई. त्यामुळे एखाद्याची चूक झाली तरी बहुमतात ती विरून जाई. पहिल्या वर्षात दीड लाखांहून अधिक लोकांनी ५ कोटींहून अधिक नोंदी केल्या.

त्यांत हॅनी फान आर्केल ही नेदरलँड्समधील एक शाळाशिक्षिका होती. ती ‘क्वीन’ या संगीतवृंदाची चाहती. त्या वृंदातील गिटारवादक ब्रायन मे हे खगोलशास्त्राचेही अभ्यासक, आणि त्यांच्या लिखाणातून तिला या उपक्रमाची माहिती मिळाली. एका दीर्घिकेजवळ तिला निळसर डाग दिसला. दिलेल्या पर्यायांत तो कुठेच बसत नव्हता. तिने सरळ विचारले, “हे काय आहे?”

तयार उत्तर कोणाकडेच नव्हते. पण नवशिक्या व्यक्तीचा प्रश्न म्हणून तो बाजूलाही सारला गेला नाही. दुर्बिणी तिकडे वळल्या. तो वायूचा प्रचंड ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेतील क्वासार पूर्वी प्रखर होता, पुढे तो मंदावला. त्याच्या जुन्या प्रकाशाने हा ढग अजून उजळलेला दिसत होता. २००९ च्या शोधनिबंधात लेखकांच्या यादीत हॅनीचे नाव आहे, आणि ती वस्तू ‘हॅनीज फोरवेर्प’ या नावानेच ओळखली जाते. ‘फोरवेर्प’ म्हणजे डच भाषेत ‘वस्तू’.

इथे नवख्यांचा प्रवेश कसा झाला ते पाहा. पहिले काम सोपे होते, पण खोटे नव्हते. चुकण्याची किंमत कमी होती. आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळत होते, श्रेयही मिळत होते.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा प्रवेशाचे विवेचन आहे. लेव्ह यांनी लायबेरियातील शिंप्यांचा अभ्यास केला होता. कपडा शिवताना आधी बेततात, मग शिवतात, शेवटी बटणे लावतात. शिकाऊ मुलगा मात्र उलट क्रमाने शिकतो. आधी बटणे आणि कडा, मग शिवण, बेतणे सर्वांत शेवटी. कारण उघड आहे. बटण चुकले तर उसवता येते, कापड चुकीचे कापले तर वायाच जाते. शिवाय बटण लावताना तयार कपडा त्याच्यासमोर असतो. शेवटी काय साधायचे आहे, ते त्याला पहिल्या दिवसापासून दिसते. लेव्ह आणि वेंगर यांच्या मते, नवखा असा परिघावर उभा राहून खऱ्या कामात भाग घेतो आणि हळूहळू केंद्राकडे सरकतो.

यावर कोणी म्हणेल, थोडा त्रास सोसल्याशिवाय माणूस गटाचा होत नाही. महाविद्यालयांत रॅगिंगचे समर्थन असेच केले जाते. १९५९ मध्ये ॲरन्सन आणि मिल्स यांनी एक प्रयोग केला. चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी ज्या विद्यार्थिनींना अधिक लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, त्यांना नंतर ऐकवलेली कंटाळवाणी चर्चाही अधिक चांगली वाटली. म्हणजे त्रासामुळे जवळीक वाढते का? या निष्कर्षाचा अर्थ नीट लावला पाहिजे. आपण सोसले ते व्यर्थ गेले नाही, अशी मनाची समजूत घालण्याचा तो परिणाम होता. चर्चा होती तेवढीच नीरस होती. त्या मुली अधिक काही शिकल्या किंवा त्यांनी गटाला अधिक काही दिले, असे त्यातून सिद्ध होत नाही. जे अपमान सहन न होऊन निघून जातात, त्यांचा हिशेब तर अशा समर्थनात धरलाच जात नाही. महाराष्ट्रात १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला, हे विसरता येणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी काचसामान धुतो. पण ते कोणत्या प्रयोगासाठी, आणि डाग राहिला तर आकडे कसे बिघडतात, हे सांगितले नाही, तर तो फक्त धुणारा हात राहतो. सांगितले, तर त्याच दिवशी तो प्रयोगात सामील होतो.

पुढच्या वेळी वर्गात नवे मूल आले, तर त्याला उभे करून ओळख सांगायला लावण्याऐवजी एक छोटे, खरे काम देऊन पाहा. तापमापकाचे आकडे फळ्यावर लिहिणे, एखाद्या गटाची मोजमापे तपासणे, असे काहीही चालेल. आणि त्याने “हे असे का?” म्हणून विचारले, तर ते हसण्यावारी जाणार नाही, एवढे बघा. कदाचित त्याला दिसलेला डाग आपल्या नजरेतून सुटलेला असेल.