‘अर्थ’ समजून घ्या!

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा ‘अर्थ’ म्हणजे पैसा. शेजारच्या बाकावरील कन्नड मित्र ‘अर्थ आयितु’ म्हणतो, तेव्हा त्याला समजलेले असते. वायरमनचा ‘अर्थ’ मात्र जमिनीत पुरलेला असतो. घरी गिटारसाठी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बांधू पाहणाऱ्याने हे तिन्ही अर्थ ध्यानात ठेवावेत, म्हणून हा लेखप्रपंच.

अशा यंत्रात बहुधा दोन ट्रान्सफॉर्मर असतात. ‘पॉवर’ ट्रान्सफॉर्मर घरची २३० व्होल्टची वीज व्हॉल्व्हसाठी तीनशेच्या आसपास चढवतो. ‘आउटपुट’ ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हचा आवाज स्पीकरला पेलेल अशा रूपात देतो. दोन्ही लोखंडी पट्ट्यांचे, म्हणून जड.

पहिला प्रश्न वजनाचा. चॅसिसच्या मधोमध पत्रा लवतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर दुमडलेल्या काठाजवळ बसवावा. १९६३ साली आलेल्या फेंडर कंपनीच्या ‘डिलक्स रिव्हर्ब’मध्ये ते चॅसिसखाली उलटे लोंबतात, सारा भार बोल्टांवर येतो. स्नेहसंमेलनासाठी खटकचिंचोळीहून भालकीला टेम्पोतून नेलेले यंत्र किती हादरे खाईल, हे वाचकांना सांगायला नकोच! म्हणून प्रत्येक बोल्टाला दातेरी वॉशर हवा आणि नट सैल न होणारा हवा. तारा जिथून आत जातात त्या भोकाला रबरी बुश बसवावा. नाहीतर पत्र्याची धार तारेचे आवरण कापते.

दुसरा प्रश्न घुमण्याचा. पॉवर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला १०० वेळा दिशा पालटत असते. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरने ते पकडले की स्पीकर घूं-घूं करतो. यासाठी दोघांत अंतर ठेवावे आणि त्यांच्या गाभ्यांची दिशा एकमेकींशी काटकोनात असावी. गिटारची तार जिथे जोडतो ते टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून सर्वात दूर असावे.

तिसरा प्रश्न जिवाचा. गिटारच्या तारा केबलमधून थेट चॅसिसला जोडलेल्या असतात. ट्रान्सफॉर्मरमधील आवरण फाटून वीज चॅसिसवर उतरली, तर ती वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचते. चॅसिस अर्थला नीट जोडलेला असेल, तर वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. दोन पिनांच्या प्लगवर भागवण्याची आपली सवय इथे घातक ठरते. अर्थच्या तारेसाठी रंग खरवडून स्वतंत्र बोल्ट द्यावा. ट्रान्सफॉर्मरचाच बोल्ट वापरू नये, कारण तो हादऱ्यांनी सैल होऊ शकतो. ही तार इतर दोन तारांपेक्षा लांब ठेवावी, म्हणजे ओढ बसल्यास ती शेवटी तुटेल.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. जाणकाराने ते रिकामे करून मीटरवर तपासल्याशिवाय आत हात घालू नये.

जमाखर्चाच्या वहीत बोल्ट, वॉशर आणि हातभर हिरवी तार ही सर्वात लहान रक्कम असते. काटकसर करायचीच असेल, तर ती पेटीच्या रंगात करावी.