यंत्रटंकित नागरी : तिचे आकर्षण व तिचा पुरावा

जुने हातटंकन-यंत्र दुरुस्त करवून त्यावर लेखन करण्याची आवड अलीकडे पुष्कळांस जडलेली दिसते. कारण विचारले असता बहुतेक जण कळांच्या आवाजाचे कौतुक सांगतात. कित्येकांच्या घरी तर ते यंत्र दिवाणखान्याच्या शोभेपलीकडे जातच नाही. तथापि ही आवड म्हणजे निव्वळ जुन्याचा मोह होय, असे आम्हांस वाटत नाही. नागरी लिपीपुरते तरी तिच्या मुळाशी एक विशेष आहे. आणि तो ध्यानी घेतल्यावाचून आपल्या दप्तरांतील टंकलिखित नकला नीट वाचता येणार नाहीत, हे येथे दाखवावयाचे आहे.

'टंक' हा संस्कृत शब्द पाथरवटाच्या छिन्नीचा वाचक असून शिक्का उठविलेल्या नाण्याचाही वाचक आहे. मराठीतील टाकी व टांकसाळ ही त्याचीच संतती. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. टंकित कागदाच्या पाठीवरून बोट फिरवून पाहावे, म्हणजे ते घाव हातास लागतात. टाकाने शाई कागदावर वाहते, येथे ती ठोकली जाते. हा भेद लहान नव्हे.

हे यंत्र मूळचे रोमन अक्षरांसाठी घडलेले. अमेरिकेत शोल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना केली व १८७४ साली रेमिंग्टन कारखान्याचे यंत्र बाजारात आले. त्यावर केवळ मोठी अक्षरे उमटत. १८७८ च्या सुधारलेल्या यंत्रात शिफ्टची कळ आली व एका कळेवर दोन अक्षरांची सोय झाली. रोमन वर्ण सव्वीस, तेव्हा चव्वेचाळीस-सेहेचाळीस कळांत त्यांचा संसार सुखाने मावला. नागरीचे तसे नाही. १८६९ साली स्थापन झालेल्या निर्णयसागरासारख्या छापखान्यात जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांची घरे असत, तेव्हा कोठे संस्कृत ग्रंथ शुद्ध निघे. तीच लिपी नव्वदांच्या आसपास चिन्हांत बसवावयाची, म्हणजे अक्षराची फोड करणे प्राप्तच होते.

ती फोड कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. त, म, स यांसारख्या वर्णांच्या कळेवर खाली पूर्ण अक्षर व वर, शिफ्टच्या जागी, त्याचेच अर्धे रूप. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष यांस मात्र पूर्ण रूपाची कळच नाही. अर्धे रूप उमटवून त्यापुढे काना ठोकला म्हणजे अक्षर पुरे होते. उकार, मात्रा, अनुस्वार व रफार यांच्या कळा दाबल्या असता गाडी जागची हालत नाही, खूण अक्षराच्या वर वा खाली जाऊन बसते. सर्वांत मौजेची गोष्ट ऱ्हस्व इकाराची. 'शिव' या शब्दात कानास प्रथम श ऐकू येतो व मागाहून इ. यंत्रावर मात्र वेलांटी आधी व श मागून. संगणकाच्या आजच्या संकेतात, युनिकोडमध्ये, क्रम याच्या उलट आहे : तेथे व्यंजन आधी साठविले जाते व इकार नंतर, म्हणजे शिक्षाग्रंथकारांनी सांगितलेला उच्चारक्रमच यंत्राने पाळला. जुने यंत्र डोळ्याच्या मागे गेले, नवे कानाच्या. आयुष्यभर मुलांस वर्णविचार शिकविलेल्या माणसास दहा बोटांनी हा भेद अनुभवावयास मिळावा, यात केवढे सुख आहे, हे ज्याने अनुभविले त्यासच कळेल.

आमच्याकडील नागरी यंत्र यवतमाळातील एका बंद पडलेल्या टंकलेखन-वर्गाच्या अडगळीत होते. ते लिहिते करावयास तीन आठवडे लागले. टंकांचे दांडे ज्या चिरांत बसतात त्या चिरांत तेल व धूळ यांचे खळीसारखे लेप बसले होते. अशा वेळी नवे तेल घालण्याचा मोह होतो, पण तेलाने धूळ आणखी धरते. रॉकेलने चिरा धुवून कोरड्या कराव्यात, हाच मार्ग. टंकांच्या मुखांत जुनी शाई दाटली होती, ती ताठ कुंचल्याने व सुईने काढावी लागली. गाडी ओढणारी दोरी कुजली होती. ती बदलताना कमानीचा ताण हातचा सुटला तर सर्व खटाटोप पुन्हा करावा लागतो. रबरी रूळ वयोमानाने दगडासारखा टणक होतो व टंकाचा घाव त्यावर कर्कश उठतो. तो नव्याने मढविण्याची सोय जवळपास नसल्याने आम्ही कागदामागे दुसरा कागद घालून काम भागविले. फीत मात्र नवी मिळाली.

अशा यंत्रावर लिहावयास बसले म्हणजे वाक्य मनात पुरे झाल्यावाचून कळेस हात लागत नाही. उमटलेले अक्षर मागे घेता येत नाही. फार तर त्यावर फुल्या माराव्यात, आणि त्या फुल्यांखालचा शब्दही उजेडात धरून वाचता येतो. संगणकावरील शुद्ध प्रतीत लेखकाने टाकून दिलेला शब्द कागदावर नांदतच नाही. ओळ संपत आली की घंटा वाजते व पुढे थोडीच घरे उरतात. मराठीत याने फारशी अडचण नाही, परंतु संस्कृतातील लांबलचक समास चालू असता घंटा वाजली, तर तो कोठे तोडावा याचा निर्णय तत्क्षणी करावा लागतो. पदच्छेदाची इतकी कडक परीक्षा आमच्या गुरुजींनीही घेतली नव्हती.

आता पुराव्याकडे वळू. यवतमाळच्या शारदाश्रमाचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभाव पोथ्यांच्या संशोधनात आपले आयुष्य वेचले. त्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ साली प्रसिद्ध झाले. त्या पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या आहेत. अशा पोथीतील प्रमाद ओळखावयाचा तर लिपीची किल्ली हाती हवी. कोणते चिन्ह कोणत्या चिन्हासारखे दिसते हे ठाऊक असेल, तरच नकलकाराची चूक कोणती व मूळ पाठ कोणता हे ठरते. टंकलिखित नकलेसही अशीच एक किल्ली आहे. ती म्हणजे यंत्राचा कळफलक.

मोडी कागदाचे बालबोध लिप्यंतर टंकित रूपात आपल्यापुढे आहे व मूळ कागद कसरीने खाल्ला किंवा गहाळ झाला, अशी कल्पना करा. नकलेत 'सतय' असे आढळले. हे जुन्या लेखकाचे रूप म्हणावे काय? नव्हे. त व त् एकाच कळेवर असल्याने शिफ्ट नीट दाबली न गेल्यास 'सत्य'चे 'सतय' होते. 'धन'च्या जागी 'ध्न' दिसल्यास काना राहून गेला असे समजावे. 'शवि' हे 'शिव'चेच रूप. नवशिक्याने वेलांटी उच्चारक्रमाने, मागाहून ठोकली म्हणून ती पुढील अक्षरास चिकटली. हाताने नक्कल करणारा कारकून अशा चुका क्वचितच करील, त्याच्या चुकांची जात निराळी. उलट एखादे जोडाक्षर सर्वत्र पाय मोडून लिहिलेले आढळले, तर ती मूळ लेखकाची लकब म्हणण्यापूर्वी त्या यंत्रात ते जोडाक्षर होते की नव्हते, हे पाहिले पाहिजे. व्युत्पत्तीचा इमला अशा पायावर उभारला, तर तो रेमिंग्टनच्या कळेवर उभा राहील!

ही किल्ली हरवण्याच्या बेतात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. गोदरेज कंपनीने १९५५ साली मुंबईस स्वदेशी टंकलेखन-यंत्र सिद्ध केले व २००९ साली ते काढणे थांबविले. महाराष्ट्रातील हातटंकनाच्या शासकीय परीक्षा २०१७ साली बंद झाल्या. कचेऱ्यांच्या आवारात झाडाखाली बसून अर्ज टंकित करणाऱ्यांस कोणती कळ कोठे अडते हे डोळे मिटून सांगता येई. ती पिढी आता थकली.

ज्यांच्या संग्रही चालते किंवा चालविण्याजोगे नागरी यंत्र असेल, त्यांनी त्याच्या प्रत्येक कळेचा ठसा, शिफ्टविना व शिफ्टसह, एका कागदावर ओळीने उमटवून ठेवावा. यंत्राचा अनुक्रमांक व तेथील टंकित कागदांचे दप्तर कोणते, याचीही नोंद करावी. टंकांस पडलेले खोट यंत्रागणिक निराळे असतात व त्यांवरून एका यंत्राचे कागद दुसऱ्याच्या कागदांपासून वेगळे काढता येतात. आमच्या यंत्राचा असा तक्ता आम्ही तयार केला आहे. त्यातील ळ च्या उजव्या वाटीचा तळ तुटका असून रफार किंचित डावीकडे कललेला आहे.