स्विमिंग पूलमधले डाग घासण्याआधी ओळखा

मार्च संपत आला की कोलकात्यात उकाडा जाणवायला लागतो आणि थंडीत बंद असलेले स्विमिंग पूल पुन्हा सुरू होतात. तुम्ही नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून इथे येऊन एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहत असाल, तर शाळेला सुट्टी लागण्याआधीच मुलांनी पोहण्याचे कपडे काढून ठेवलेले असतील. पूल भरतो. पाणी अगदी काचेसारखं दिसतं. मग त्यात क्लोरीन टाकलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग! आठवडाभरात पायऱ्यांवर आणि पांढऱ्या प्लास्टरवर तांबूस चट्टे उमटतात.

मग कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, साफसफाई नीट झाली नाही. कुणी म्हणतं, पूल रिकामा करा आणि ॲसिड मारून घ्या. थांबा! हा डाग मळाचा नाही, तो धातूचा आहे. तो ओळखल्याशिवाय घासायला गेलात, तर डागापेक्षा प्लास्टरच आधी जाईल.

स्वच्छ पाण्यात डाग येतो कुठून?

पुण्यात बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात नळाच्या तोंडावर पांढरे क्षार साचतात. कोलकात्यात मात्र बोअरच्या पाण्याने बादली, बेसिन आणि मोरीची फरशी पिवळट-तांबूस होते. कारण दोन्हीकडची जमीन वेगळी आहे. गंगेच्या गाळाने तयार झालेल्या इथल्या जमिनीत खोलवर प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा ठिकाणी गाळातलं लोह पाण्यात विरघळतं आणि विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही.

कोलकात्याला खरं तर दोन प्रकारचं पाणी मिळतं. एक हुगळीचं. ते पलता इथे शुद्ध होऊन टाला इथल्या उंच लोखंडी टाकीतून शहराच्या मोठ्या भागाला पुरवलं जातं. ही टाकी १९११ पासून वापरात आहे. दुसरं पाणी बोअरचं. जिथे पालिकेचं पाणी पुरत नाही, तिथे कॉम्प्लेक्सची भिस्त यावरच असते आणि पूलही बहुधा याच पाण्याने भरला जातो.

बोअरचं पाणी हवेच्या आणि क्लोरीनच्या संपर्कात आलं, की विरघळलेलं लोह गंजतं. त्याचे बारीक तांबूस कण तयार होतात आणि खडबडीत प्लास्टरवर चिकटून बसतात. टाइल लावलेल्या पूललाही यातून सुटका नाही. टाइलच्या सांध्यांमध्ये सिमेंटच असतं, त्यामुळे डाग आधी तिथे दिसतात.

थोडा हिशेब करून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असेल, तर कपड्यांवर आणि बेसिनवर डाग पडतात. लिटरमागे १ मिलिग्रॅम लोह असलेल्या पाण्याने १ लाख लिटरचा पूल भरला, तर त्यात १०० ग्रॅम लोह आलं. उन्हाने पाणी उडून जातं, पण लोह मागे उरतं. तुम्ही पुन्हा त्याच बोअरने पूल भरता आणि लोह वाढत जातं.

रंगावरून अंदाज, चाचणीने खात्री

पिवळट, तांबूस किंवा विटकरी : बहुधा लोह.

हिरवट-निळा : बहुधा तांबं. शेवाळ मारण्यासाठी टाकलेलं मोरचूद किंवा तांबं असलेलं औषध हे याचं नेहमीचं कारण. पाणी आम्लधर्मी झालं, तर तांब्याचे पाइप झिजूनही असे डाग येतात.

जांभळट-काळा : मँगनीज असू शकतं. त्याचे डाग लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपासूनच पडू शकतात.

एकाच ठिकाणी ठिपका : तळाशी पडलेली हेअरपिन, खिळा किंवा नाणं आधी शोधा. काहीच सापडलं नाही आणि ठिपका पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल, तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता आहे. तिथे कोणतंही औषध कामाचं नाही. तेवढा भाग फोडून सळईवर उपाय करावा लागतो आणि मग नवं प्लास्टर.

पानांच्या आकाराचा तपकिरी डाग : हा धातूचा नाही. पूलशेजारच्या झाडांची पानं-फुलं तळाशी कुजली की असे डाग येतात.

नक्की काय आहे हे ठरवायला सोपी चाचणी आहे. क जीवनसत्त्वाच्या साध्या पांढऱ्या गोळ्या कुटून पातळ मोज्यात बांधा आणि ही पुरचुंडी डागावर अर्धा-एक मिनिट दाबून धरा. चघळायच्या नारंगी गोळ्यांमध्ये रंग आणि साखर असते, त्या टाळा. डाग फिका झाला, तर तो लोहाचा समजा. सायट्रिक ॲसिडने, म्हणजे किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाने जास्त फरक पडला, तर तांब्याचा संशय घ्या. दोन्हींनी काही झालं नाही आणि क्लोरीनने डाग फिका झाला, तर तो पानांचा किंवा शेवाळाचा. मात्र या चाचण्या वेगवेगळ्या जागी करा. आम्ल आणि क्लोरीन एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो.

यात नवल काहीच नाही. कपड्यावर गंजाचा डाग पडला की आजी त्यावर लिंबू-मीठ लावून तो उन्हात ठेवायची आणि तांब्याची भांडी चिंचेने घासायची. हा त्याचाच मोठा प्रयोग.

ॲसिड मारायची घाई का नको?

पूलचं पांढरं प्लास्टर बहुधा पांढरं सिमेंट आणि संगमरवराच्या चुऱ्याचं असतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड या दोन्हींना खातं. डाग निघालेला दिसतो, कारण डागाखालचा थरच निघून गेलेला असतो. उरलेला पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी लोह त्यावर अधिक सहज चिकटतं. म्हणून हा शेवटचा उपाय, दर वर्षीचा नव्हे.

दुसरा धोका रिकाम्या पूलचा. पावसाळ्यात कोलकात्याची जमीन पाण्याने तुडुंब असते. रिकामा पूल म्हणजे चिखलात रोवलेली होडीच. खालच्या पाण्याच्या दाबाने तो वर उचलला जाऊ शकतो, त्याला तडे जाऊ शकतात. त्यामुळे इंजिनिअरला विचारल्याशिवाय, आणि पावसाळ्यात तर मुळीच, पूल रिकामा करू नका.

तिसरी गोष्ट माणसांची. रिकाम्या पूलच्या खड्ड्यात उतरून ॲसिड मारणारा कामगार तिथे साचणाऱ्या वाफा श्वासात घेतो. नाका-डोळ्यांचं संरक्षण, हातमोजे आणि मदतीला वर थांबलेला दुसरा माणूस नसेल, तर कुणालाही आत उतरवू नका. आपल्या मुलांच्या गमतीची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसांनी का मोजावी?

पूल रिकामा न करता डाग कसे काढाल?

लोहाच्या डागांसाठी ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्वाचीच पूड वापरतात. हे काम देखभाल करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, पण पायऱ्या तुम्हालाही माहीत असू द्या.

१. क्लोरीन टाकणं थांबवा आणि त्याचं प्रमाण जवळपास शून्यावर येऊ द्या. क्लोरीन शिल्लक असेल, तर पूड वाया जाते. या काळात पाणी निर्जंतुक नसतं, म्हणून पूल सर्वांसाठी बंद ठेवा आणि तसा फलक लावा.

२. शेवाळ धरू नये म्हणून तांबं नसलेलं शेवाळनाशक टाका.

३. पंप सुरू ठेवून पूड कडेकडेने, डागांच्या वर पसरवा. १ लाख लिटरला साधारण १ ते सव्वा किलो पुरते. काही वेळातच डाग फिके होऊ लागतात.

४. डाग गेले तरी लोह पाण्यातच आहे, हे विसरू नका. म्हणून त्याच दिवशी धातू धरून ठेवणारं रसायन टाका. पूलचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मेटल सिक्वेस्टरंट या नावाने मिळतं. प्रमाण डब्यावर वाचून घ्या.

५. पुढच्या काही दिवसांत पीएच आणि क्लोरीन हळूहळू पूर्वपदावर आणा. एकदम भरपूर क्लोरीन टाकलंत, तर डाग परत येतात. पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणि क्लोरीन योग्य पातळीवर आलं, की मगच मुलांना पाण्यात उतरू द्या.

पुन्हा डाग येऊ नयेत म्हणून

पूल भरण्याआधी बोअरच्या पाण्यातलं लोह, मँगनीज आणि तांबं प्रयोगशाळेत तपासून घ्या. लोह जास्त निघालं, तर पाणी आधी हवेत खेळवून वाळूच्या फिल्टरमधून गाळून घ्या. त्यामुळे लोह पूलऐवजी फिल्टरमध्येच गंजतं आणि तिथेच अडकतं. फिल्टर मात्र नियमित उलटा धुवावा लागतो.

प्लास्टर नवं असेल, तर पहिलं पाणी सर्वात महत्त्वाचं. सुरुवातीचे काही आठवडे नवं प्लास्टर पाण्याचा पीएच वाढवत राहतं आणि डागही लवकर धरतं. शक्य असेल, तर पहिल्यांदा तरी लोह काढलेलं पाणीच वापरा. शेवाळासाठी मोरचूद टाकायची सवय मोडा. धातू धरून ठेवणारं रसायन कालांतराने निकामी होतं, तेही ठरावीक काळाने पुन्हा टाकावं लागतं.

पूलमधला डाग, स्वयंपाकघरातला प्रश्न

आता सर्वात महत्त्वाचं. पूलमध्ये येणारं पाणी तुमच्या स्वयंपाकघरातही येतं का?

बंगालच्या गाळात लोह विरघळतं, तेव्हा त्याच्या कणांना चिकटलेलं आर्सेनिकही पाण्यात मोकळं होऊ शकतं. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी त्वचेवरच्या डागांवरून पश्चिम बंगालमधले आर्सेनिकबाधित रुग्ण ओळखले. पुढे दक्षिण कोलकात्यातल्या काही बोअरच्या पाण्यातही आर्सेनिक आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. आर्सेनिकला ना रंग, ना चव, ना वास.

तांबूस डाग दिसला म्हणजे आर्सेनिक आहेच, असं नाही. डाग नाही म्हणजे आर्सेनिक नाही, असंही नाही. पण पूलच्या निमित्ताने पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जाणारच आहे, तर त्याच वेळी आर्सेनिकचीही चाचणी करून घ्या आणि अहवाल कॉम्प्लेक्सच्या सूचनाफलकावर लावा. उकळल्याने आर्सेनिक जात नाही, त्यामुळे पाणी उकळून निर्धास्त राहू नका.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत कुणी 'ॲसिड मारा' म्हणालं, तर एवढंच विचारा, 'आधी पाणी तपासलं का?' पूल चकचकीत दिसावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण त्या पाण्यात आपली मुलं पोहतात आणि कदाचित तेच पाणी घरी येऊन पितातही. डाग निघाले नाहीत तरी चालेल, पाण्यात काय आहे ते मात्र कळलंच पाहिजे.