दोन हेडफोन आणि मराठीचा दुहेरी च-कार

मराठीत ‘चार’ हा शब्द एकाच रीतीने लिहिला जातो. परंतु संख्यावाचक ‘चार’मधील च तालव्य, तर ‘चारणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी ‘चार’मधील च दंततालव्य होय. ‘जग’ हे नाम आणि ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप यांतही ज-काराचा असाच भेद आहे. लेखनात न उमटणारा हा भेद बोलीच्या अभ्यासकाला कानाने टिपावा लागतो, आणि ध्वनिमुद्रण ऐकताना त्याच्या कानावर हेडफोन असतो. म्हणून हेडफोनची निवड हा अभ्यासपद्धतीचाच एक प्रश्न ठरतो.

दोन्ही च-कारांत स्पर्शानंतर घर्षण होते. दंततालव्य च-मधील घर्षण स-सारखे असून त्याची ऊर्जा सामान्यतः ४००० हर्ट्झच्या वर एकवटते. तालव्य च-मधील घर्षण श-सारखे असल्यामुळे त्याची ऊर्जा त्याहून खालच्या पट्ट्यातच सुरू होते. वरच्या पट्ट्याचे प्रमाण बदलले, तर भेदाची खूणच बदलते.

अल्प किमतीच्या व कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनांपैकी ऑडिओ-टेक्निकाचा ‘एटीएच-एम२०एक्स’ आणि सुपरलक्सचा ‘एचडी ६६८बी’ यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिला बंद रचनेचा असून त्याचे ध्वनिपटल ४० मिलिमीटरचे आहे. दुसरा अर्ध-उघड्या रचनेचा, ५० मिलिमीटर पटलाचा. पहिल्यात तार पट्टा सौम्य आहे. दुसऱ्यात त्याला स्पष्ट उठाव आहे. परिणामी सीमेवरचा एखादा च दुसऱ्यावर दंततालव्याकडे, तर पहिल्यावर तालव्याकडे झुकल्याचा भास होणे संभवते. उलट, ळ-काराची खूण असलेला तिसरा अनुनादपट्टा ३००० हर्ट्झच्या खाली उतरत असल्याने ल-ळ या भेदास त्या उठावाची बाधा फारशी पोहोचत नाही.

रचनेचेही परिणाम आहेत. बंद हेडफोन बाहेरचा गलबला अडवितो. म्हणून ध्वनिमुद्रण चालू असताना तोच सोयीचा. अर्ध-उघड्यातून झिरपणारा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू शकतो. मात्र बंद हेडफोनची गादी चष्म्याच्या काडीमुळे कानाभोवती नीट टेकली नाही, तर मंद्र ध्वनी क्षीण होतात. आणि म्ह, न्ह यांतील महाप्राणत्वाची एक खूण तेथेच असते.

तुलना करताना दोहोंची ध्वनिपातळी समान राखणे अगत्याचे आहे. पातळीनुसार कानाची निरनिराळ्या पट्ट्यांविषयीची संवेदनशीलता बदलते, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले. शिवाय जो हेडफोन किंचित मोठ्याने वाजतो, तोच अधिक स्पष्ट वाटतो.

तात्पर्य, यांपैकी एकालाही निरपेक्ष कान मानता येत नाही. एका संग्रहाचे लिप्यंतरण आरंभापासून अखेरपर्यंत एकाच हेडफोनवर करावे व त्याची नोंद ठेवावी. संशयित उच्चार दुसऱ्यावर ऐकावेत आणि अंतिम निर्णय ध्वनीच्या वर्णपटलेखावर सोपवावा. कारण तो मूळ मुद्रणातून निघतो, हेडफोनमधून नव्हे. अर्थात मुद्रण सेकंदास १६,००० नमुन्यांचे असेल, तर त्यात ८००० हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. तेथे हेडफोनप्रमाणे वर्णपटलेखही तेवढ्यापुरता मुकाच राहतो. बोलींच्या नकाशावर दंततालव्य च-ची सीमारेषा आखण्यापूर्वी ती भाषकांच्या मुखात आहे की श्रोत्याच्या उपकरणात, याची खात्री करून घेतली पाहिजे.