कंपनीचा ब्लॉग समूहाच्या पानावर जोडायचा असेल तर...



आपल्यापैकी बऱ्याच जणांचे स्वतःचे शैक्षणिक ब्लॉग आहेत. काही ठिकाणी अनेक शिक्षकांचे ब्लॉग एकाच पानावर गोळा केलेले असतात. नवीन लेख कुणीही टाकला की तो आपोआप त्या पानावर दिसतो. आता अशा पानांकडे ॲप बनवणाऱ्या, गाईड छापणाऱ्या कंपन्यांचीही विचारणा येते, 'आमचाही ब्लॉग जोडा ना.' जोडावा का, आणि जोडायचा तर कसा, हे आज बघू. ही पद्धत मुळात संगणकवाल्यांच्या समूहांत तयार झाली, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेते.

आधी फीड म्हणजे काय ते समजून घेऊ. वर्गातलं भित्तिपत्रक डोळ्यासमोर आणा. प्रत्येक मूल आपापल्या वहीत लिहितं आणि एक जण सगळ्यांच्या वह्या चाळून नवीन काय आलं ते भिंतीवर लावतो. ब्लॉगची फीड म्हणजे ती वही. ती एक साधी एक्सएमएल फाईल असते. तीत प्रत्येक लेखाचं शीर्षक, दुवा, तारीख, मजकूर आणि एक ओळखक्रमांक ठराविक चौकटीत लिहिलेला असतो. माणसाला ती वाचायला कंटाळवाणी वाटते, पण यंत्राला सोपी जाते. ही चौकट, म्हणजे आरएसएस, 1999 साली नेटस्केप कंपनीत पहिल्यांदा तयार झाली. पुढे 2000 च्या डिसेंबरात तिची 1.0 आवृत्ती आली, तेव्हा ती लिहिणाऱ्या गटात ॲरन स्वार्ट्झ नावाचा 14 वर्षांचा मुलगा होता. सातवी-आठवीच्या वर्गात हे जरूर सांगा, मुलं डोळे विस्फारून ऐकतात.

वह्या चाळणाऱ्याचं काम करतो तो संकलक. संगणकवाल्यांच्या जगात अशा पानांना 'प्लॅनेट' म्हणतात, कारण ती चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं नावच प्लॅनेट होतं. प्लॅनेट ग्नोम, प्लॅनेट डेबियन, प्लॅनेट पायथन, प्लॅनेट पोस्टग्रेस ही त्यातली काही नावं. आपल्याकडे मराठी ब्लॉग विश्व हे संकेतस्थळ मराठी ब्लॉगांसाठी असंच काम करायचं. आतली रचना अगदी साधी आहे. फीडच्या पत्त्यांची एक यादी असते, ठराविक वेळाने यंत्र ती सगळी पानं उघडून बघतं, तारखेप्रमाणे लेख लावतं आणि एक पान तयार करतं. बस.

आता मुद्द्याची गोष्ट. यादीत पत्ता टाकताना आपण एका लेखाला परवानगी देत नसतो. पुढे येणाऱ्या सगळ्या लेखांना देत असतो, तेही न वाचता. एकदा पत्ता आत गेला की नंतर कुणी विचारत नाही. म्हणून कंपनीचा ब्लॉग म्हटलं की समूहाचे लोक जरा सावध होतात, आणि ते बरोबरच आहे. आज त्या ब्लॉगवर भागाकार शिकवण्यावर छान लेख असेल, उद्या दिवाळी सवलत, परवा 'आमच्या संचालकांचा सत्कार'. पालक मात्र ते सगळं शिक्षकांच्या पानावर वाचतात, म्हणजे शिक्षकांनीच सांगितलं असं धरून चालतात.

समूहांनी यावर आपापल्या परीने उत्तर शोधलंय. प्लॅनेट ग्नोम आणि प्लॅनेट डेबियन ही माणसांची पानं आहेत. काम करणाऱ्या माणसाने तिथे आपल्या प्रवासाबद्दल, घराबद्दल लिहिलं तरी चालतं, कारण माणसं एकमेकांना कळावीत हाच हेतू. कंपनीला तिथे तशी जागाच नाही. तिच्यात काम करणारी व्यक्ती मात्र स्वतःच्या नावाने येऊ शकते. प्लॅनेट पोस्टग्रेस हे विषयाचं पान आहे. तिथे लेख त्या डेटाबेसविषयी हवा, नुसती मालाची जाहिरात नको. म्हणून अर्ज करण्याआधी कंपनीने बघायचं की हे पान माणसांचं आहे की विषयाचं. निम्म्या विनंत्यांचं उत्तर तिथेच मिळून जाईल, असं माझं मत.

विषयाचं पान असेल तर सगळ्या ब्लॉगची फीड कधीच देऊ नये. फक्त त्या विषयाच्या लेबलची द्यावी. ही सोय बहुतेकांना माहीत नसते. वर्डप्रेसवर प्रत्येक वर्गवारीची वेगळी फीड आपोआप तयार होते, ब्लॉगरवर प्रत्येक लेबलची. कंपनीने 'गणित अध्यापन' असं लेबल ठेवलं आणि तेवढीच फीड दिली, तर सवलतीची जाहिरात तिच्या स्वतःच्या पानावर राहते, भित्तिपत्रकावर येत नाही. अर्थात जाहिरातीलाही तेच लेबल चिकटवलं तर काय करणार! तेव्हा यादीतून पत्ता काढायचा, दुसरा इलाज नाही.

लेखकाचं नाव हेही महत्त्वाचं. 'ॲडमिन' किंवा नुसतं कंपनीचं नाव आलं की वाचणाऱ्याला कुणाशी बोलायचं ते कळत नाही. लेख ज्याने लिहिला त्याचं नाव फीडमध्ये यायला हवं, आणि कंपनीचं नावही लपवू नये. मजकूर पूर्ण असावा. दोन ओळी दाखवून 'पुढे वाचा' म्हणत आपल्या दुकानात ओढून नेणं समूहाला आवडत नाही. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये फीड पूर्ण द्यायची की त्रोटक, हे निवडता येतं.

आता तो ओळखक्रमांक. वर सहज उल्लेख केला, पण सगळ्यात जास्त गोंधळ तोच घालतो. संकलक लेख ओळखतो तो शीर्षकावरून नाही, या क्रमांकावरून. कंपनीने संकेतस्थळ नवीन केलं, पत्ता बदलला, की पुष्कळदा हे क्रमांकही बदलतात. मग यंत्राला वाटतं सगळे लेख नवेच आहेत. वर्डप्रेसची फीड सहसा शेवटचे 10 लेख देते, ब्लॉगरची 25. तारखाही बदलल्या असतील तर हे सगळे जुने लेख एका झटक्यात पानाच्या वरच्या भागात येऊन बसतात आणि बाकीच्यांचं लिखाण खाली ढकललं जातं. मुद्दाम कुणी केलेलं नसतं, पण राग येतोच. संकेतस्थळ हलवायच्या आधी पान चालवणाऱ्यांना कळवलं तर ते तेवढ्यापुरती फीड थांबवून ठेवू शकतात.

मराठीसाठी एक वेगळी अडचण. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतून तसाच चिकटवलेला मजकूर दुसऱ्याच्या पानावर निव्वळ अगम्य अक्षरं होऊन उमटतो. शिवाय फीडमध्ये '&' हे चिन्ह तसंच्या तसं राहिलं तर एक्सएमएलच्या नियमाने पूर्ण फाईल चुकीची ठरते आणि एका चिन्हापायी सगळे लेख अडतात. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची फीड तपासण्याची मोफत सोय आहे. पत्ता टाकला की चूक कितव्या ओळीत आहे ते सांगते.

एवढं झालं की मग विनंती पाठवायची. ती छोटी असावी. आम्ही कोण, लेबलच्या फीडचा पत्ता हा, त्यात आधीच असलेले पाच-सहा लेख हे, आणि काही अडलं तर आमच्याकडून उत्तर देणारी व्यक्ती ही. रिकाम्या ब्लॉगसाठी अर्ज करू नये. ही पानं बहुधा स्वयंसेवक चालवतात, दिवसभराची नोकरी सांभाळून. उत्तराला वेळ लागतो, रोज आठवण करू नये.

आणि पान आपण चालवत असू तर वर्षातून एकदा, उन्हाळी सुट्टीत म्हणा, यादीतला प्रत्येक पत्ता उघडून बघायचा. ब्लॉग बंद पडतात, संकेतस्थळाच्या नावाचे पैसे भरायचे राहून जातात, मग तेच नाव दुसराच कुणी घेतो. आपलं यंत्र बिचारं जुन्याच पत्त्यावर जात राहतं आणि तिथे जे सापडेल, मग ती जुगाराची जाहिरात का असेना, ते आपल्या पानावर आणून लावतं.