नववीचा उंबरठा

लहान शाळेतील आठवीचा विद्यार्थी हा तेथला सर्वांत मोठा असतो. प्रार्थनेच्या वेळी तो पुढे उभा राहतो, घंटा देण्याचा मान त्याचा असतो आणि शाळेतले सर्व गुरुजी त्याला नावाने ओळखतात. सुटी संपून तोच मुलगा हायस्कुलात पाऊल टाकतो, तेव्हा तो तेथला सर्वांत धाकटा ठरतो. त्याचे नाव कोणास ठाऊक नसते. पाणी कोठे प्यावे हेही त्याला विचारावे लागते, आणि विचारण्याचा तर संकोच वाटतो.

ज्यांच्या घरी यंदा असा मुलगा किंवा अशी मुलगी आहे, त्या वाचकांसाठी हा लेख आहे. माध्यमिक शाळा बहुतेक राज्यांत नववीपासून, तर काही राज्यांत आठवीपासून सुरू होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एक टप्पा मानला आहे. प्रारंभ कोठूनही होवो, पहिल्या वर्षी मूल अडखळते ते बहुधा अभ्यासाच्या काठिण्यापेक्षा परिस्थितीच्या अनोळखीपणामुळे. हा फरक ध्यानात आला म्हणजे पुष्कळसे उपाय घरातल्या घरात सापडतात.

हायस्कुलात नेमके काय बदलते ते प्रथम पाहू. येथे दर तासाला नवे शिक्षक येतात आणि प्रत्येकाची शिकविण्याची व वह्या तपासण्याची रीत निराळी असते. भूमितीत आजवर आकृती काढून मोजमाप केले की पुष्कळदा भागत असे. आता 'पक्ष', 'साध्य' आणि 'सिद्धता' अशा पायऱ्यांनी उत्तर लिहावे लागते. दोन कोन समान आहेत हे मुलाला आकृतीत स्पष्ट दिसते. परंतु ते समान का, हे लिहिले नाही तर गुण जातात. हे अज्ञान नव्हे, नव्या रीतीचा अपरिचय होय.

त्यात अनुत्तीर्ण होण्याची भीती पुष्कळ मुलांपुढे येथेच पहिल्यांदा उभी राहते. शिक्षण हक्काचा कायदा २०१० मध्ये लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गात मागे ठेवता येत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीच्या परीक्षेनंतर तशी मुभा दिली. नववीला मात्र असे संरक्षण मुळातच नव्हते. म्हणून पहिल्या चाचणीत गुण घसरले, तर 'याला आता झेपत नाही' असा निष्कर्ष घाईने काढू नये. उत्तरपत्रिका मुलासह शांतपणे पाहावी: उत्तर येत नव्हते, की येत असून मांडता आले नाही? पुष्कळदा दुसरेच कारण निघते.

मग घराने काय करावे? शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा मुलासह त्या वाटेने जाऊन यावे. बस कोठे थांबते, जाण्यास किती वेळ लागतो, वर्ग, कार्यालय व स्वच्छतागृह कोठे आहे, हे प्रत्यक्ष पाहिले की बरीचशी धास्ती ओसरते. वेळापत्रकाची एक प्रत घरात लावावी आणि दप्तर रात्रीच भरण्याची सवय लावावी. संध्याकाळी 'किती गुण मिळाले?' असे विचारण्याऐवजी 'आज कोणती गोष्ट समजली नाही?' असे विचारावे. न समजलेले सांगितले तरी कोणी रागावणार नाही, एवढा भरवसा मुलास मिळाला पाहिजे. आईवडील स्वतः फारसे शिकलेले नसले तरी हे काम त्यांना करता येते, कारण येथे उत्तर ठाऊक असण्याची गरज नाही. अडलेल्या प्रश्नावर मुलाने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी तो शिक्षकांना विचारावा, एवढेच पाहावयाचे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत याखेरीज भाषेची अडचण येते. मराठी माध्यमात शिकलेले मूल आईच्या किंवा वडिलांच्या बदलीमुळे हिंदी माध्यमाच्या शाळेत गेले, तर लिपी तीच म्हणून आपण निर्धास्त राहतो. परंतु आपण ज्याला 'अपूर्णांक' म्हणतो त्याला हिंदी गणितात 'भिन्न' म्हणतात. आपला 'काटकोन' तेथे 'समकोण' होतो आणि 'मूळ संख्या' ही 'अभाज्य संख्या' होते. गणित येत असूनही शब्द कळला नाही म्हणून मूल गप्प बसते, आणि गप्प बसले म्हणून कच्चे ठरते. यावर साधा उपाय म्हणजे शब्दांची वही. डावीकडे जुना शब्द, उजवीकडे नवा. रोज चार-पाच शब्द लिहिले तरी काही आठवड्यांत मोठा साठा होतो. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलासही ही वही तितकीच उपयोगी पडते. असा बदल सोसणे मुलांना अशक्य नाही. जवाहर नवोदय विद्यालयांत नववीच्या काही विद्यार्थ्यांची हिंदी व अहिंदी प्रदेशांत एका वर्षासाठी मुद्दाम अदलाबदल केली जाते, ती दुसऱ्या प्रांताची ओळख व्हावी म्हणूनच.

अर्थात साऱ्याच अडचणी ओळखीने सुटत नाहीत. काही वाटेच्या व पैशाच्या असतात. प्राथमिक शाळा गावात असते, हायस्कूल पुष्कळदा दुसऱ्या गावी. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या योजनेमुळे माध्यमिक शाळेत दाखल झालेल्या योग्य वयाच्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ प्रामुख्याने शाळेपासून तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत दिसली. मुलींची बुद्धी तीच होती. केवळ वाट जवळ आली होती. आपल्या गावातून दोन-तीन मुली त्याच शाळेत जात असतील, तर त्यांच्या पालकांनी एकत्र बसून जाण्यायेण्याची सोय ठरवावी, आणि सायकल किंवा बसचा सवलतीचा पास मिळतो का, याची मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी.

पैशाचेही आधीच पाहून ठेवावे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. खासगी शाळेत पंचवीस टक्के राखीव जागेवर शिकलेल्या मुलास नववीपासून फी पडू शकते. अनुदानित व सरकारी शाळांतील गरजू मुलांसाठी केंद्र सरकारची 'एनएमएमएस' ही शिष्यवृत्ती आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असेल, तर आठवीत परीक्षा देऊन निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, हे विसरू नये. घरात धाकटे भावंड सातवी-आठवीत असेल, तर त्याच्यासाठी ही माहिती आताच टिपून ठेवावी.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ऐन शाळेच्या वेळीच पोट दुखणे, डबा तसाच परत येणे, एकाही नव्या मित्राचे नाव घरी न निघणे, असे दोन-तीन आठवडे चालले तर वर्गशिक्षकांना भेटावे. तक्रार घेऊन नव्हे, मुलाची माहिती घेऊन. थोरली मुले त्रास देत असल्यास ते मुलाच्या तोंडून बहुधा उशिरा कळते. शाळांनीही प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास दहावीतला एक सोबती पहिल्या महिन्यापुरता नेमून द्यावा. त्यास खर्च काहीच नाही, आणि थोरल्यासही जबाबदारीची गोडी लागते.

शाळा सोडण्याचा निर्णय एका दिवसात होत नसतो. प्रथम एक तास चुकतो, मग एक विषय मागे पडतो, मग परीक्षेच्या दिवशी ताप येतो, आणि अखेरीस 'शिकून तरी काय करायचे?' असा प्रश्न घरातच कोणीतरी विचारतो. तो प्रश्न निघण्यापूर्वीचे काही महिने आपल्या हाती असतात. तेवढ्या काळात नवी शाळा मुलाला आपली वाटू लागली, तर पुढची वाट ते आपल्या पायांनी चालू लागेल.